पोळपाटावरचा बेडूक

॥ श्री ॥
इंदिरानगर, नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

तुमची पिकअप कोथिंबीर उतरवून सायखेड्याला परत निघाली आहे. ड्रायव्हर मुन्नाच्या हाती हे पत्र आणि एक पोळपाट पाठवतो. पोळपाट तुझ्या वहिनीचा आहे. तिला अजून कळलेले नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि माझी वाक्ये क्रियापदाविना राहतात.

गेल्या दिवाळीचे मी विसरलो नाही. बेडकाच्या त्या गेममध्ये तुला लग्नाआधीपासून कोणी हरवले नव्हते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके लावताना त्यात तुझा उजवा अंगठा सापडला, तो वाकेना. तुझ्या लेकीने, निकिताने, रिमोट पुढे केला तर तू तो तिलाच परत दिलास आणि चकल्या बघते म्हणून आत गेलीस. चकल्या आदल्याच दिवशी झाल्या होत्या. पंचवीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्याला एवढा अन्वय लागतो.

म्हणून अंगठ्याशिवाय चालणारा रिमोट केला आहे. पोळपाटावर चार छोटी ताम्हने उपडी बसवली: डावे, उजवे, उडी आणि जीभ. खाली बोटभर बोर्ड, त्याची वायर टीव्हीच्या गेमला. तळवा टेकव, कोपर टेकव, तांब्याला स्पर्श झाला की पुरे. पहिल्या प्रयोगात बेडूक फक्त मागे जाई, दुसऱ्यात थांबेचना. तिसऱ्यात तो नदी ओलांडून गेला आणि मी ओरडलो. मी आठवीचे पेपर तपासतो आहे अशी वहिनीची समजूत होती. आता ती पोरांची काळजी करते.

पाडव्याला निकिताला हरव. सहादूरावांना नमस्कार. लोभ चालू स्थितीत असावा.

तुझा
शेखरदादा


सायखेडा
१६ ऑक्टोबर

ती. स्व. दादास, सा. न.

पोळपाट मिळाला. बेडूक ढिम्म बसून आहे. तळवा टेकवला, कोपर टेकवलं, शेवटी दार लोटून कपाळही टेकवलं. नेमके हे आत आले आणि विचारलं, कुठल्या देवाला नवस बोलतेस. निकिता पुण्याहून आली, तिने उलटसुलट पाहिलं आणि मामाने ताम्हनं छान घासलीत एवढंच म्हणाली. एक काळी वायर चिमट्यासकट नुसतीच लोंबते आहे. उरलेली असेल म्हणून गुंडाळून ठेवली.

मनाला लावून घेऊ नकोस. तू एवढं केलंस यातच आलं. यंदाही मी फराळाचंच बघते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी
हर्षाली


इंदिरानगर
१८ ऑक्टोबर

चि. सौ. हर्षालीस आशीर्वाद.

फराळाचे वाक्य मागे घे. माझ्याकडे हा बेडूक अकरा वेळा नदीपार गेला आहे, तेव्हा दोष यंत्रात नाही. सायखेड्याच्या हवेत किंवा तुमच्या हाताळणीत असावा. ताम्हने चिंचेने घासा, हात कोरडे ठेवा आणि धीर धरा. भाऊबिजेला वहिनीच्या माहेरी मालेगावला जायचे आहे, म्हणून तुझ्याकडे रविवारी, सव्वीसला येतो. तोवर पोळपाटावर कोणी पोळ्या लाटू नयेत.

लोभ आहे, विश्वासही ठेव.

शेखरदादा


सायखेडा
२२ ऑक्टोबर, पाडवा

दादा, नमस्कार घाईतच घे. बेडूक उडाला.

ह्यांना ओवाळायला पाटावर बसवलं होतं. निकिताने हट्टाने सकाळपासून गेम लावून ठेवलेला. हे बसल्या बसल्या त्या काळ्या वायरीचा चिमटा बोटांत धरून, तो कांद्याच्या गोणीच्या तोंडाला लावता येईल का, याचा विचार करत होते. मी वाकले. गुडघा धरतो म्हणून डावा हात शेजारच्या स्टुलावर, तुझ्या पोळपाटावर टेकवला आणि कुंकू लावलं. टीव्हीतला बेडूक टुणकन उडाला.

बोट काढलं, तो गप्प. परत लावलं, परत उडी. ह्यांच्या कपाळावर सहा वेळा कुंकू झालं, नाकापर्यंत ओघळलं. निकिता जमिनीवर लोळत होती. मी थांबले तर हे म्हणाले, “अगं लाव की अजून, नदी पार होऊ दे त्याला. मी हाय ना बसलेला.”

मग कपाळ सोडून हात धरायचं ठरलं. एका हातात चिमटा, दुसऱ्यात माझा उजवा हात, त्या आडमुठ्या अंगठ्यासकट. मी डाव्या तळव्याने आणि कोपराने खेळले. निकिताला दोनदा हरवलं. तिसऱ्यांदा तिने बापाला गुदगुल्या केल्या, हात सुटला, बेडूक बुडाला. तो डाव आम्ही धरत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ह्यांनी असा सगळ्यांसमोर हात धरल्याचं मला आठवत नाही.

हे झालं कसं, ते मात्र कळव. माया वाढतेच आहे, तू अडवू नकोस.

हर्षाली


इंदिरानगर
२४ ऑक्टोबर

चि. सौ. हर्षालीस आशीर्वाद आणि एक क्षमायाचना.

काळी वायर उरलेली नव्हती. तिचा चिमटा खेळणाऱ्याच्या अंगाला लागला, तरच ताम्हनाचा स्पर्श बोर्डाला कळतो. मी तो पहिल्या दिवसापासून माझ्या बोटातल्या तांब्याच्या अंगठीला लावत आलो, आणि अंगठी माझी असल्यामुळे चिमटाही माझाच वाटू लागला. तू वायरीबद्दल स्पष्ट लिहिले होतेस. मी ते वाचून पुढे गेलो, कारण चूक विद्यार्थ्याचीच असणार हे आधीच ठरले होते.

आता सहादूरावांना ताटकळत बसवण्याचे कारण नाही. चिमटा तुझ्या पायातल्या जोडव्याला लाव. तू एकटी खेळू शकशील आणि ते शेताला मोकळे. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल माझा खेद कळव.

लोभ असावा, निदान निकाल लागेपर्यंत.

शेखरदादा


सायखेडा
२५ ऑक्टोबर

ती. स्व. दादास, सा. न.

हे डेअरीवर दूध घालायला गेले होते, तेवढ्यात जोडव्याला लावून पाहिलं. झकास चालतं. लगेच काढून ठेवलं.

पाडव्यापासून हे पाचलाच शेतातून येतात, साबणाने हात धुतात, चिमटा धरून बसतात आणि मला हाक मारतात. पारावर सांगून आलेत म्हणे, की आमच्या घरातला गेम माझ्यावर चालतो.

उद्या ओवाळून घ्यायला ये. खेद मी कळवलेला नाही, आणि जोडव्याचं तूही बोलू नकोस.

माया आहेच, सोबत थोडं मौन असू दे.

तुझी
हर्षाली