शुक्रवारचा चमचा

न्यूयॉर्क, रविवार, १० मार्च १९१२

पूज्य मामा,

आपल्या हाताला ओठ टेकवून ओदिलोचा नमस्कार. आपला गुडघा या थंडीत कसा आहे? चर्चच्या पायऱ्या सावकाश चढाव्यात. आईला सांगावे की मी लोकरीची बंडी घालतो (भटारखान्यात नाही, तिथे घातली तर मीच शिजेन).

मागच्या पत्रात आमच्या मुख्य आचाऱ्यांविषयी, बातिस्ता घिगोंविषयी, एकच पान लिहिले याची रुखरुख आहे. माणूस आपल्याच डोंगरापलीकडचा. चौदाव्या वर्षी जहाजातून उतरून भांडी घासायला लागले. मग बटाटे, मग भाज्या, मग मासे, मग सॉस, असे एकेका चुलीपाशी दोन-तीन वर्षे काढत वर आले. आज त्यांच्या हाताखाली अडतीस माणसे आहेत. हॉटेलात सगळे त्यांना फ्रेंच समजतात, आणि तेही समजू देतात. पाठ फिरवून उभे असले तरी नुसत्या आवाजावरून त्यांना कळते की कुठल्या तरी कढईतले लोणी आता करपणार. मी हे स्वतः दोनदा पाहिले (दुसऱ्यांदा लोणी माझे होते). ते आत आले की माझी पाठ आपोआप ताठ होते, जशी आपण पाद्र्याच्या झग्यात वेदीपाशी पवित्र भाकर उचलता तेव्हा होते. ही तुलना चुकीची असल्यास क्षमा असावी.

जानेवारीत, तळघरात अकरा महिने बटाटे सोलल्यावर, त्यांनी मला सॉसच्या चुलीवर घेतले. अशी चूल दुसऱ्यांदा मिळत नाही. त्यांचा नियम एकच: न चाखता काही बाहेर जायचे नाही. पण आपल्या चर्चच्या नियमाने शुक्रवारी मांस वर्ज्य, इथले गिऱ्हाईक मात्र त्या दिवशीही गोमांस खाते, आणि माझा सॉस हाडांच्या रश्शाचा. म्हणून दर शुक्रवारी मी गुरुवारच्याच मापाने मीठ घालायचो, रिकामा चमचा ओठांना लावायचो आणि समाधानाने मान हलवायचो (रिकामा चमचा चाटणे मांसाहारात येते का, तेही कळवावे). सात शुक्रवार हे निभले. आठव्या शुक्रवारी, म्हणजे १ मार्चला, रस्सा नेहमीपेक्षा जास्त आटला होता. एका न्यायाधीशाची थाळी परत आली. घिगो आले, चमचा बुडवला, चाखला आणि माझ्याकडे वळले.

"चाखलं होतंस?"

माझ्याने खोटे बोलवेना. आज शुक्रवार आहे, एवढेच म्हणालो. अडतीस माणसांचे हात थांबले.

"पुढच्या शुक्रवारी माझ्यासमोर चाखायचं, बाळा," ते हळूच म्हणाले. "नाहीतर खाली बटाटे आहेतच."

तेव्हापासून मासे करणारा गास्पार मला संत महाराज म्हणतो, आणि मी जेवायला बसलो की माझ्यापुढे मेणबत्ती लावतो. मामा, तोंडात घेऊन थुंकले तर पाप किती, आणि गिळले तर किती? आपण शांतपणे विचार करून लिहावे. मी आपल्या शब्दाबाहेर नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
ओदिलो

ता. क. वरची तारीख आपल्या ध्यानात आली असेलच. तो पुढचा शुक्रवार परवाच होऊन गेला. मी चाखले. थुंकायचे ठरवले होते, पण घिगो समोर उभे होते आणि सॉस फार चांगला झाला होता. खात्रीसाठी आणखी दोन चमचे घेतले. चूल माझ्याकडेच आहे.

दुसरा ता. क. तेव्हा चाखण्याची लेखी परवानगी पाठवावी, आणि तिच्यावर ८ मार्चच्या आधीची तारीख असावी.

तिसरा ता. क. हे लिहिताना घिगो मागे येऊन उभे राहिले आणि सगळे वाचले. मला वाटले, आता बटाटे. ते बाहेर गेले, परत आले आणि एका चिठ्ठीवर स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि बाप्तिस्म्याचे वर्ष लिहून माझ्या हातात दिले. ती सोबत जोडली आहे. एकोणीस वर्षांचे शुक्रवार एकाच परवानगीत बसतील का, असे त्यांनी विचारले आहे.