पुढं बत्तीस, मागं चाळीस

४ जानेवारी १९६९, शनिवार
आणली! मेहकरच्या रिटायर्ड ओव्हरसियरची फटफटी आज बैलगाडीत आडवी घालून साखरखेर्ड्यात आणली. सणाची उचल, शिकवणीचे पैसे, सगळं त्यात गेलं. इंजिन दुसऱ्या किकेला बोललं. गल्लीतली कुत्री अजून भुंकताहेत. चाकांची मात्र दशा आहे. चार वर्षं गाडी गोठ्यात उभी होती म्हणे. रिम गंजून पापुद्रे निघतात, स्पोक हाताने मोडतात. असो, इंजिन तर आहे.
सुमनला पत्र टाकलं. एकच ओळ: "चालू झाली."

५ जाने., रवि.
मायने सकाळी चहा देता देता विषय काढला. सु. धाडच्या शाळेत बाई, मी इथल्या शाळेत मास्तर. बदलीच्या अर्जाला वर्ष होत आलं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एस.टी. धरली की चिखलीला पुढची गाडी चुकतेच, रविवारी दुपारी पोचतो आणि दोन तासांत परतीची धरतो. म्हणून महिन्यातून एकदाच जाणं होतं. माय म्हणाली, "महिन्यातून दोन घंटे भेटता, हा का संसार हाय? पाडव्यापर्यंत काई जमवा. नाई त मंग तिनं नौकरी सोडावं अन् इथं यावं."
रागावून नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं. सु. ला ती नोकरी किती प्रिय आहे ते मला माहीत. पहिलीच्या पोरांना ती 'माझी माणसं' म्हणते.
फटफटी असली तर शनिवारी दिवस मावळायच्या आत धाड. दर शनिवारी. तेवढं झालं की मायचीही हरकत नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि सु. ला सगळं कळवलं.
म्हणजे सगळं दोन चाकांवर आलं.

७ जाने.
गफूरमिस्त्रीला आणून दाखवली. गावातल्या सगळ्या सायकली याच्या हाताखालून गेलेल्या. चाक सरळ करताना हा एकेक स्पोक नखाने वाजवतो आणि मान तिरकी करून ऐकतो. त्यानं मागच्या रिमवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. म्हणाला, ह्या रिमवर कोथिंबीर लावा.
ग.मि. चा सल्ला: हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, चांगले आहेत, ते ठेवा. रिम आणि स्पोक नवे आणा, चाक मी बांधतो. सायकल काय, फटफटी काय, चाक ते चाक. हबला स्पोकची जेवढी भोकं तेवढीच रिमला लागतात, म्हणून मागचा हब काढून त्याची भोकं मोजली. चाळीस. पुढचा काढायचा तर गाडी दगडांवर ठेवावी लागली असती. मीच म्हटलं, मागं चाळीस तर पुढं बत्तीस, हे जगजाहीर आहे, गावातली कुठलीही सायकल घ्या. ग.मि. म्हणाला, "हाव, पुढं बत्तीसच राह्यते." झालं, गणिताचा मास्तर आणि चाकाचा मिस्त्री यांचं एकमत!
रविवारी जालना.

१२ जाने., रवि.
जालना. काय सांगू! दिवसभर नुसती चाकंच पाहिली.
पहिल्या दुकानात क्रोमच्या रिम, टांगलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. एक खाली काढायला लावली. तिच्यात माझं तोंड दिसलं, वाकडं का होईना, पण दिसलं. सु. शाळेच्या फाटकात उभी आहे आणि मी हे असं लखलखत येतो आहे, हा देखावा दहा मिनिटं पाहून घेतला. मग किंमत विचारली. एका रिमच्या पैशात दुसरीकडे जोडी येते.
दुसरीकडे लष्करी लिलावातल्या चाकांचा ढीग. स्पोकसकट तयार, मातीमोल. एक उचलून फिरवलं तर डुलत डुलत गेलं. ढिगावरचा माणूस म्हणे, रस्त्यावर आपोआप सरळ होतं. हसूच आलं.
मन अजून क्रोमकडे. पुढं एक क्रोमची लावू, मागं जुनीच रंगवून, असाही विचार आला. खोटं कशाला लिहू, विचार नाही, जवळजवळ ठरलंच होतं. पण ग.मि. नं निघताना बजावलं होतं, मागच्या चाकावर काटकसर नको, वजन सगळं तिथं येतं. आणि मागं कोण बसणार?
शेवटी स्टेशनाकडच्या एका कारखान्यात काळ्या लोखंडी रिम. जाड, साध्या, भक्कम. कोऱ्या मिळतात, आपण सांगू तेवढी भोकं पाडून देतात. मालक म्हणाला, लेखी द्या, एकदा भोक पडलं की माल परत नाही. मी वळणदार अक्षरात लिहून दिलं: पुढं बत्तीस, मागं चाळीस. खाली सही, इसार दिला. स्पोकही त्याच्याकडूनच.
येताना एस.टी. त उभं राहून आलो, तरी पाय दुखले नाहीत.

१८ जाने., शनि.
पार्सल आलं. शाळा सुटल्यावर थेट ग.मि. कडे. त्यानं संध्याकाळपर्यंत मागचं चाक बांधलं. शाळेतून एक खडू नेला होता, तो रिमजवळ धरून चाक फिरवायचं, जिथं पांढरं लागेल तिथं चाक बाहेर आलेलं. चौथ्या फेरीला खडू कुठंच लागला नाही. मी टाळ्या वाजवल्या. समोरचा पानवाला हसला, हसू दे.

१९ जाने., रवि.
पुढचा हब काढला. पुसला. मोजला.
चाळीस.
पुन्हा मोजला. ग.मि. नं मोजला. पानवाल्यानंही येऊन मोजला. चाळीसच.
फटफटीला दोन्हीकडे चाळीस असतात! आम्हा दोघांना सायकलच्या पलीकडे चाक माहीत असतं तर ना. सातवीच्या मुलांना रोज ओरडतो, "अंदाज नको, मोजा." आता कुठल्या तोंडाने ओरडू?

२० जाने.
ग.मि. ला विचारलं, बत्तीसच स्पोक घालून हबची आठ भोकं रिकामी ठेवली तर? त्यानं हब हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "तुमी एकटे असते त देलं असतं बांधून. मांगं वैनी बसतीन. मी नाई बांधत."
त्याच्यावर चिडून घरी आलो. वाटेतच चीड गेली. बरोबर बोलला.
पैसे नाहीत. पुढची उचल होळीला. होळी म्हणजे पाडवा पंधरा दिवसांवर.
सु. ला सगळं कळवलं. मूर्खपणासकट.

२५ जाने., शनि.
सु. चं पत्र. मला वाटलं होतं धीराचे दोन शब्द असतील. आहे ते असं: "पुढच्या हबची भोकं मोजा. मग पुन्हा मोजा. आकडा अक्षरी लिहून पाठवा. रिमचा व्यास, स्पोकची लांबी, कारखान्याचा पत्ताही. बाकी मजकूर नको."
पहिलीच्या बाईंनी गृहपाठ दिलाय.
उद्या झेंडावंदन, म्हणून आजच मोजून टाकलं पत्र. "चाळीस (अक्षरी: चाळीस). गफूरमिस्त्री साक्षीदार."

२ फेब्रु., रवि.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
साडेअकराची जालना गाडी आली. मी स्टँडजवळच्या पारावर पेपर वाचत होतो. कंडक्टर टपावर चढला, एक मोठं काळं कडं खाली दिलं. ते घ्यायला हात वर करून कोण उभी, तर सु.! अंजिरी पातळ, पदर खोचलेला. मी उठेपर्यंत तिनं रिम खांद्यात अडकवलीसुद्धा. काल शाळा सुटल्यावर जालना गाठलं, मावशीकडे राहिली, सकाळी समोर उभं राहून चाळीस भोकं पाडून घेतली, कमी पडणारे आठ स्पोकही घेतले. पैसे तिच्या पगाराचे. मी म्हटलं, "अगं, कळवायचं तरी." म्हणाली, "कळवलं असतं तर तुम्ही क्रोमची आण म्हणाला असता."
खरंच म्हणालो असतो.
पारापासून घरापर्यंत सगळा गाव पाहत होता. सून सासरी येते ती फळं घेऊन, ही लोखंड घेऊन आली. आता माय काय म्हणते या भीतीनं मी दोन पावलं मागंच राहिलो. माय दारात आली, रिमकडे पाहिलं, सु. कडे पाहिलं. म्हणाली, "खांदा सोलला ना व माय." आणि आत जाऊन तेल घेऊन आली.
जेवून दीडच्या गाडीनं सु. परत. माय तिला पोचवायला स्टँडपर्यंत गेली, मला म्हणाली, तू मिस्त्रीकडं जाय.

४ फेब्रु.
ग.मि. नं पुढचं चाक बांधलं. मजुरी घेईना. चूक निम्मी त्याची, असं म्हणतो. शेवटी निम्मी घेतली! खडू कुठंच लागला नाही.

६ फेब्रु.
शाळेआधी पुढच्या लव्हाळा गावापर्यंत जाऊन आलो. हात सोडून पाहिला, गाडी सरळ. कोणीच नव्हतं रस्त्यावर, मोठ्यानं गाणं म्हटलं.

८ फेब्रु., शनि. धाड.
पोचलो! शाळा सुटताच निघालो. चिखलीला तिथल्या स्टँडसमोर मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला. वाटेत चार वेळा थांबून स्पोक वाजवून पाहिले, सगळे घट्ट. सूर्य चांगला वर होता. सु. अंगणात वह्या तपासत होती. आधी चाकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या. ती हसायला लागली ती थांबेचना. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मीही हसलो.
चहा झाल्यावर तिनं पेटीतून एक कागद काढून दिला. नोकरीचा राजीनामा. तिच्या अक्षरात, सहीसकट. संक्रांतीलाच लिहिला होता. फक्त तारीख नाही.
मी म्हटलं, आता फाडून टाक. गाडी आली, मी आलो.
"एकदा आलात," ती म्हणाली. "ज्या शनिवारी येणार नाही, त्या शनिवारची तारीख घालीन."
कागद घडी करून परत पेटीत ठेवला. पाडव्यापर्यंत अजून पाच शनिवार आहेत. मी पाण्याची बादली आणि फडकं मागून घेतलं आणि बाहेर येऊन मागच्या चाकापासून स्पोक पुसायला बसलो. ती पुढच्या चाकाशी बसली.