कमी आवाजाचा पंखा

अकोट, बुधवार

प्रिय आरती,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत. शेजारच्या फरजानाभाभींनी स्वतःचा फोन समोर ठेवलाय, पण हे मला तोंडाने सांगवणार नाही. म्हणून अमरावतीच्या गाडीच्या कंडक्टरकडे हे पाकीट देतोय. डेपोत तीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या, तेवढी ओळख अजून शिल्लक आहे.

दिवाळीनंतर तू फोनवर विचारलं होतंस, बाबा, हा मळणी यंत्रासारखा आवाज कसला? मी म्हणालो, गजेंद्रचा कॉम्प्युटर. ते खरंच होतं. त्याच्या पॉवर सप्लायचा पंखा खिळखिळा झाला होता. तुझा भाऊ ज्या खोलीत लग्नांचे व्हिडिओ जोडतो, तिची भिंत भाभींच्या घराला लागून. गल्लीत सगळे म्हणायचे, पोरगं मेहनती आहे, मशीन बंद म्हणून नसते. भातकुलीहून पौर्णिमाचे वडील चौकशीला आले, त्यांनाही लोकांनी हेच सांगितलं. ते खूश होऊन गेले. स्थळ तूच सुचवलेलं, तूही खूश झालीस.

आता खरं ऐक. काम नसतानाही ती मशीन चालायची. डोकं फिरलं की गजेंद्र आधी ती सुरू करायचा, मग दाराला कडी घालायचा आणि मग मला मारायचा. वरणात मीठ जास्त झालं, टॉवेल ओला राहिला, काहीही पुरायचं. पट्ट्याने, चार्जरच्या वायरने, हाताला येईल त्याने. जानेवारीत मी मोरीत घसरून दात पाडला असं तुला कळवलं होतं ना? तो दात त्याच्या बुक्कीने पडला. मी ओरडायचो आरती, लाज सोडून ओरडायचो. पण पंखा माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा.

गेल्या आठवड्यात तो तिवस्याला शूटिंगला गेला. मी एसटीने अकोला गाठलं आणि कमी आवाजाचा पंखा घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "काका, प्लग काढला तरी डब्यात करंट राहते, घाई नोका करू." तासभर थांबलो. चार स्क्रू, दोन वायरी. बसचं इंजिन उतरवलेल्या माणसाला ते काय जड? हवा बाहेर जाते ना, तेवढं कागदाचा कपटा धरून पाहिलं. आवाज म्हणशील तर नावालाही नाही. गजेंद्र परत आला तो चक्क खूश. "बाबा, मस्त काम केलं तुमी," म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने मला चांगलं म्हटलं होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

परवा दुपारी जेवण वाढायला उशीर झाला. त्याने सवयीने बटण दाबलं, कडी घातली आणि कॅमेऱ्याचा स्टँड उचलला. पहिला फटका मी हातावर घेतला, दुसरा कानशिलात बसला. मग तो थबकून मशीनकडे बघायला लागला. दिवा लागला होता, आवाज नव्हता. तोवर माझी किंकाळी भिंतीपलीकडे गेली होती. भाभी दार बडवत होत्या, "दरवाजा उघड गजेंद्र! बुढ्याले मारून राहिला का बे?" दार उघडलं तेव्हा अर्धी गल्ली बाहेर उभी होती आणि माझ्या सदऱ्यावर रक्त होतं. तेव्हापासून मी भाभींकडे आहे.

रविवारी गजेंद्र आणि पौर्णिमाचं साक्षगंध आहे, अंगठ्या घातल्या की बोलणं पक्कं. त्याआधी भातकुलीला जा आणि हे लग्न मोडून ये. त्या पोरीला या घरात येऊ देऊ नकोस. आणि फक्त गजेंद्रचं सांगू नकोस, माझंही सांग. आपला रेडिओ आठवतो? शाळेतून येताना तुला कोपऱ्यावरूनच ऐकू यायचा. बाबांना गाण्यांचा भारी नाद, असं तू मैत्रिणींना सांगायचीस. मला गाणी कधीच आवडली नाहीत. "गजा, आवाज वाढव," असं मी त्याला सांगायचो, तो बटण फिरवायचा आणि मी तुझ्या आईला मारायचो. तिच्यासाठी कुणीच दार वाजवलं नाही.

तसं म्हणवून घ्यायची हिंमत होत नाही, तरी तुझाच,
बाबा