वैशाखातला ओला बांध

प्रिय आक्का,

तू गेल्यानंतरचं तुझं पुण्यानुमोदन परवा झालं. दहिवलीतल्या तुझ्या घरची आवराआवर करून काल मी खोपोलीला परत आले. येताना तुझ्या शालनला सोबत आणलं. आत्ता ती आत झोपली आहे. संध्याकाळी जावईबापू तिला न्यायला येणार आहेत. त्याआधी तुझ्याशी बोलायचं होतं, म्हणून लिहिते. तुला ठाऊकच आहे, तोंडाने मला कधी नीट बोलता आलं नाही.

थकले गं आक्का. तुझ्या काविळीत दवाखान्याच्या खेपांनी थकले नव्हते, तेवढी या दोन दिवसांत थकले.

तुझं नवीन लग्न झालं होतं तेव्हाचं आठवतं? मी शाळेच्या सुट्टीत तुझ्याकडे राहायला आले होते. नदीवर तू पाठीवर पाणी घेतलंस आणि मला तो काळानिळा पट्टा दिसला. मी विचारलं, तर म्हणालीस, "बांधावरनं घसरले." शेजारच्या बाईने दुसऱ्या दिवशी काही न विचारता हळद गरम करून आणून दिली. मला वाटलं, दहिवलीचे बांधच वाईट. वैशाख होता, शेतांना भेगा पडल्या होत्या. ओला बांध कुठून आला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी येऊन मी ते बाबांना सांगितलं.  आठवड्याने बाबा फावडं खांद्यावर टाकून तुझ्याकडे गेले आणि दिवसभर उन्हात भाऊजींच्या शेताचा बांध घालत राहिले. त्यांना खरंच वाटलं होतं, की दुसरं काय करावं ते सुचलं नव्हतं? भाऊजी पुढे कितीतरी वर्षं गावाला हसून सांगायचे, "आमच्या सासऱ्यानं हुंड्यात बांध घालून दिला." तूही हसायचीस. का हसायचीस गं?

परवा त्रिशरण झालं, मग बोलायला माणसं उठू लागली. तुला सोशिक म्हणाले, समंजस म्हणाले. वस्तीचे अध्यक्ष म्हणाले, या माउलीचं भांडण कधी उंबऱ्याबाहेर आलं नाही. भाऊजी पुढे मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता संपेल, चहा होईल, गाडी मिळेल.

तेवढ्यात तुझी थोरली जाऊ, धोंडाबाई, उभी राहिली. चारचौघांत तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. हळूच बोलली, कुणावर रागावल्यासारखी नाही.

"माजी जाऊ बांधावरनं घसरायची. मीबी घसरले. हितं अजून कोन कोन घसरलंय, त्यांनी हात वर करा."

पुरुषांना कळेना, बाई काय विचारते. आमच्या बाजूला मात्र कुणालाच कोडं पडलं नाही. आधी एक म्हातारा हात वर गेला. मग मागून दोन-तीन. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाईने ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला. अध्यक्षांच्या बायकोनेही केला, त्यांच्याकडे न बघता. खाली राहिलेलेच हात थोडे होते.

कुणीतरी म्हणालं, "हा काय प्रसंग हाय का?"

धोंडाबाई म्हणाली, "मग कंचा? ती जिती व्हती तवा तुमी बोलू दिलं नाय."

आणि आक्का, माझ्या शेजारी बसलेल्या शालनचा हात वर होता.

तुला माहीत होतं ना? काल गाडीत तिने सांगितलं. दिवाळीत ती तुझ्याकडे आली होती. तू तिच्या पाठीला हळद लावलीस आणि म्हणालीस, मावशीला सांगू नको, तिच्या जिवाला घोर लागेल. अगं, मला लागला असता घोर, तर लागू द्यायचा होतास! बाबांनी बांध घातला, तू हळद लावलीस. पोरगी मात्र दोन्ही वेळा सासरीच राहिली.

भाऊजींचा निरोप आला आहे, पोरीला पाठव, आधीच चार लोकांत शोभा झाली. घरात ह्यांनी एवढंच विचारलं, "तिचं अंथरूण कुठं घालायचं?"

दुपारच्या गाडीने धोंडाबाई आली आहे, वस्तीतल्या चौघींना घेऊन. ओट्यावर बसल्यात. मी म्हटलं, आत या. तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. आमी काय बोलनार नाय, नुसत्या बसतो. त्याला येताना दिसाय पायजे."

म्हणजे बोलायचं मलाच आहे. जावईबापू आले की त्यांना पाणी देईन. शालनला पाठवणार नाही, हे सांगेन. का म्हणून विचारलं, तर तुम्ही तिला मारता म्हणून, असं याच शब्दांत सांगेन. आवाज कापेल, पण सांगेन. आपल्या घरात यापुढे कुणी बांधाचं नाव घेणार नाही, आक्का.

तुझी धाकटी,
कुसुम