शकुनने कोंबड्या मारल्या नाहीत

मी मनकर्णा जानराव तायडे, राहणार चांदूर बाजार, माझी बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. पोटातली गाठ काढण्यासारखी राहिली नाही, असे अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून घाई आहे.

माझे दोन खोल्यांचे घर व मागचे कोंबड्यांचे खुराडे माझी मुलगी शकुन हिला मिळावे. ती जन्मापासून मुकी-बहिरी आहे. मला दुसरे मूल नाही.

उखळ, सूप व हळदीचा डबाही तिचाच. ज्वारीचा कोंडा, तुरीची चुणी, शेवग्याचा वाळलेला पाला आणि थोडी हळद कालवून ती कोंबड्यांना चारत असे. आमची अंडी अचलपूरपर्यंत जात.

माझा दीर चंद्रभान याला काहीही देऊ नये. मी दवाखान्यात असताना खुराडे त्याच्या ताब्यात होते. परत आले तर एकही कोंबडी जिवंत नव्हती. "तुह्या पोरीनं कोणता पाला चारला कोणाले मालूम," तो म्हणाला. वस्तीने तेच खरे धरले. आता शकुन दिसली की बाया लेकरांना घरात ओढतात.

शकुनने मला खुणांनी सांगितले: काकाची मिशी, ढेपेचा तुकडा, दाबलेले नाक. चंद्रभानने स्वस्तातली सडकी ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, कोंबड्यांना चारली, हे मला कळले. पण तिच्या खुणा कोण मानणार?

माझा भाऊ देवमन याला मी म्हटले, माझ्यामागं हिले ठेव. "बाई, तिनं माह्या घरच्या जेवणात काही कालवलं तं?" असे बोलून तो उठून गेला. मी पदर पसरला होता, तो तसाच राहिला. म्हणून शकुनला कोणी सांभाळावे, हे कलम कोरे सोडत आहे. मला कोणी उरलेले नाही.

माझ्या प्रेताला चंद्रभानने खांदा देऊ नये. त्रिशरण म्हणावे, तेवढे पुरे.

एवढे लिहून झाल्यावर किसनराव गुरुजींनी सही केली. दुसरा साक्षीदार यायला तयार नव्हता. तेव्हा चंद्रभानची बायको, माझी जाऊ इंदूबाई, दारात येऊन उभी राहिली.

"मी देतो आंगठा," ती म्हणाली. "ढेपीले बुरशी व्हती. म्या डोयानं पाह्यली. शकुन आडवी आली तं यायनं तिले ढकलून देलं."

"घरी गेल्यावर तुझं काय होईल?" मी विचारले.

"थे मी पाहीन. तुमी लिवा."

तिचे बोलणे तिच्याच शब्दांत येथे लिहवून घेतले आहे. मी गेल्यावर हा कागद वस्तीत मोठ्याने वाचावा आणि शकुनला समोर उभे करावे. तिला ऐकू येणार नाही, पण लोकांची तोंडे दिसतील.

लिहून देणार: मनकर्णा जानराव तायडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: किसनराव खंडारे, शिक्षक, सही
साक्षीदार: इंदूबाई चंद्रभान तायडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार: केशवराव, अर्जनवीस
चांदूर बाजार, १९ नोव्हेंबर १९६२