हे टूल खातं

३ तारीख, सोमवार
अरे, माझी डायरी आहे ही! शंभरदा सांगितलंय दादा, हात लावू नकोस. पण तू ऐकशील तर शप्पथ. शाळेत असताना कुलूप लावलं होतं, तेही पिनेने उघडलंस. बरं, उघडलीच आहेस तर वाच: थँक्यू! पहिली नोकरी, तीही तुझ्याच ऑफिसात, आणि राहायला तुझंच घर. खिडकीजवळचं टेबल मिळालंय. खुर्ची गोल फिरते, कुणी बघत नसताना फिरून घेतलं. कामही मजेचं. घरखर्चाच्या आपल्या ॲपमधून लोकांची खाती काढून टाकणारं टूल तू बनवलंयस, ते कसं वापरायचं याची पुस्तिका मी साध्या मराठीत लिहायची. शेंडेफळ कामाला लागलं एकदाचं, असं आईला कळवून टाक.

४ तारीख, मंगळवार
पहिल्याच पानावर पचका. ‘हे टूल खातं काढून टाकतं’ लिहायचं होतं, ‘काढून टाकतं’ राहूनच गेलं. शेजारच्या टेस्टरबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, काय खातं गं, मुंग्या का माणसं? भारी बाई आहे. संध्याकाळी नवरा स्कूटरवर न्यायला येतो आणि गेटवर हॉर्न बडवत बसतो. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मेल्याला दम धरवत नाही, असं म्हणत ही निम्मा चहा टाकून पळते.
तू समजावलंस की खात्याबरोबर घरच्यांशी जोडलेलं नातंही काढावं लागतं, नाहीतर कचरा राहतो. लिहून घेतलं.

५ तारीख, बुधवार
पुस्तिकेत चित्रं हवीत, म्हणून एक खरं खातं काढून टाकून दाखवायचं ठरलं. टेस्टरबाईंचं घे, असं तूच सुचवलंस. त्या म्हणाल्या, काढ की, तेवढाच माझा खर्च ह्यांच्या डोळ्यांवर येणार नाही. टूलने विचारलं, ‘नक्की?’ मी ‘हो’ टाइप केलं. चित्रं झकास आली.

६ तारीख, गुरुवार
त्यांच्या टेबलावर खोकी रचून ठेवलीत. मी विचारलं तर साहेब म्हणाले, इथे कधी कुणी टेस्टरबाई नव्हत्याच. मला वाटलं थट्टा करतायत. तू म्हणालास, दमलीयेस, घरी जा.
बसस्टॉपवर त्या भेटल्या. काल घरी गेल्या तर नवऱ्याने दार उघडून विचारलं, कोण पाहिजे? पाणीसुद्धा दिलं म्हणे, परक्या बाईला देतात तसं. माझा हात घट्ट धरून एवढंच विचारत होत्या, तू तरी ओळखतेस ना गं?

७ तारीख, शुक्रवार
आपल्या घरचं खातं उघडलं. नाती आईने स्वतः टाइप केलेली. माझ्यापुढे ‘धाकटी’. तुझ्यापुढे ‘मधला’.
दोघांत मधला कुठून आला, दादा?
आईला फोन करून विचारलं, मुलं किती तुला? दोनच की, वेडाबाई, म्हणाली. मग म्हणाली, हल्ली उगाच रडू येतं गं, काहीतरी कुठेतरी ठेवून विसरल्यासारखं. डॉक्टर म्हणतात, वय.

८ तारीख, शनिवार
कबूल केलंस. थोरली होती. आपली ताई. टूल चालतंय का बघायला तिचं खातं घेतलंस, सहज. परत आणता येत नाही. आणि जो ‘हो’ म्हणतो, त्या एकट्याच्याच लक्षात राहतं.
म्हणजे तुला सगळं— आई रडत होती आणि तू शेजारी बसून तिला पाणी—
आणि मला आणलंस ते याच्यासाठी. माझ्याही हातून एक व्हावं. म्हणजे माझंही तोंड बंद.
मी म्हटलं, आईला सांगणार. तू डोक्यावर हात ठेवलास. म्हणालास, नीट विचार कर, शहाणी ना तू.
किती मायेने म्हणालास.

९ तारीख, रविवार
आईने विचारलं, कोण बोलतंय?
मी म्हटलं, धाकटी.
राँग नंबर लागलाय बाळा, म्हणाली. मला एकच मुलगा.

पुन्हा केला. तेच. आता उचलत नाही.

सख्खा भाऊ ना रे तू— सख्खा—

तू आंघोळीला गेलायस. लॅपटॉप उघडाच. तुझं नाव टाकलंय. ‘नक्की?’ विचारतंय.
नुसतं ‘हो’. मग तुलाही कुणी—
पण मग आईला कोण? एकही—
नाही दाबत. तुझ्यासाठी नाही, कळलं?

ताईला शोधावं तर चेहरा आठवत नाही. तिलाही आता माझा— बसमध्ये शेजारी बसलो तरी दोघी खिडकीबाहेर—

नळ बंद झाला. हाका मारतोयस. मार. तुझं काही ऐकायला मी थांबणार नाही. चपला घातल्यात. आईला फोन करत जा. रडली तर ‘वय’ म्हणू नकोस, तिला सांग की—