दुसऱ्यांच्या नावाची रुखवतं

१६ फेब्रुवारी, सोमवार
चाळीस संत्री झाली. केशरी लोकरीचे गोळे, प्रत्येकाच्या देठाशी एक हिरवा टाका. झाड उभं राहिलं. खाली बैलगाडी, तिच्यात खरी कापसाची बोंडं. सौंसरच्या वहिनींच्या मुलीचं रुखवत. लग्न ८ मार्चला.
फोनवर पुन्हा तेच. "पोरीनंच केलं म्हणून सांगू आम्ही. तुम्ही कुठी बोलू नका हं."
नाही बोलणार. गप्प राहण्याचे वेगळे पैसे घेतलेत. मागच्या महिन्यात इथल्याच, पांढुर्ण्याच्या, एका नवरीचं केलं, त्यांनीही दिले होते. टाक्यांपेक्षा गप्प राहण्याचा भाव बरा आहे.

२२ फेब्रु., रवि.
मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. हातात काचेच्या बांगड्या. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "सोन्याच्या कुठं गेल्या व?"
बाई म्हणाल्या, "कामाले गेल्या. येतीन पगार घेऊन."
मी हसले. मग आत जाऊन रडले. दुकान माझं बुडालं, त्याच्या कर्जापायी बांगड्या बाईंच्या गेल्या. चारही बांगड्या बँकेत गहाण, दोन-दोनची वेगळी पावती. भासऱ्यांना, यांच्या मोठ्या भावाला, माहीत नाही. बाईंच्या पूर्वाचं लग्न २६ एप्रिलला. त्याआधी चारही त्यांच्या हातात पाहिजेत. बाकी मला काही नको.
हे म्हणतात, "तुझा टाइमपास सुरू आहे ना, चालू दे."
टाइमपास! बोटाच्या टोकांना भोकं पडली आहेत.

९ मार्च, सोम.
सकाळी सातला सौंसरचा फोन. आधी रडणं, मग आरडाओरडा.
काल मांडवात रुखवत मांडलं. नवऱ्याच्या आत्यानं मोबाइल काढला. पांढुर्ण्याच्या त्या लग्नालाही ती गेली होती, तिच्याकडे फोटो. तेच झाड. तीच बैलगाडी. आणि डाव्या फांदीवर तेच एक हिरवं, कच्चं संत्रं.
आत्या सगळ्यांसमोर नवरीला म्हणाली, "काय व, दोघी एकाच मास्तरणीजवळ शिकल्या काय?" अख्खा मांडव हसला. पोरगी रडत बोहल्यावर चढली.
कच्चं संत्रं मी प्रत्येक झाडाला लावते. कोणी सांगत नाही, तरी. बागेत सगळी एकदम कुठे पिकतात? आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला आवडायचं ते, की निदान एवढं तरी माझं...
चूक माझी आहे. वेळ वाचवायला तेच झाड दोनदा विकलं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी वाद नको.

१२ मार्च, गुरु.
सौंसरच्या वहिनी गाडी करून आल्या. चहा घेतला नाही.
"आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहून पाठवा. आमची पोरगी दिवाळीपासून करून राहिली होती, तुम्ही तिचं पाहून पांढुर्ण्याचं केलं, म्हणा. तेवढ्यानं मिटते सारं. धाकटीचं रुखवतही तुम्हालेच देतो."
"आणि नाही लिहिलं तर?"
"तर सारे पैसे वापस."
शनिवारपर्यंतचा वेळ मागितला. त्या गेल्यावर कपाट उघडून बांगड्यांसाठी साठवलेल्या पैशांचं पाकीट पाहिलं. धाकटीचं काम मिळालं तर चारही बांगड्या सुटतात. पैसे परत दिले तर एकही नाही.
यांना विचारलं. "लिहून टाक ना. तुझं काय जाते? चार ओळी तर आहेत."

१४ मार्च, शनि.
रात्री नाही, भर दुपारी लिहायला बसले, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. 'मी यांच्या मुलीचं पाहून केलं'. या ओळीपाशी बोट थांबायचं.
मी काही मोठी खरी बाई नाही. दोन पोरींना खोटं बोलायला मीच मदत केली, वर पैसे घेतले. पण मी गप्प राहायचं कबूल केलं होतं. माझंच काम चोरीचं आहे असं म्हणायचं कबूल केलं नव्हतं.
बसनं सौंसरला गेले. गप्प राहण्याचे घेतले होते तेवढे मोजून वहिनींच्या हातावर ठेवले. "हे तुमचे. कामाचे देणार नाही. काम केलं मी."
"अन् आमच्या पोरीची इज्जत?"
म्हटलं, "त्याचं मला वाईट वाटते वहिनी. खरंच. पण मी लिहिणार नाही."
"सौंसरात एक ऑर्डर भेटते का तुम्हाले, पाहतोच आता."
"पाहा."
फाटकापाशी ती पोरगी मागून आली. माहेरपणाला आली आहे. हळूच म्हणाली, "काकू, मले शिकवता का? एक तरी मी केलं, असं म्हणता येईन."
वहिनींनी आतून हाक मारली. ती गेली. होय म्हणायचं राहूनच गेलं.

२ एप्रिल, गुरु.
सौंसरच्या दोन ऑर्डरी रद्द. मोहगावच्या बाईही म्हणाल्या, पाहू पुढच्या साली. वहिनी बोलल्याप्रमाणे वागल्या.
मीही वागेन. आजपासून नियम: गप्प राहण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. माझं नाव सांगायचं असेल तरच काम. हे म्हणाले, "अशानं कोण येईन?" म्हटलं, "नाही आलं तर नाही."
मग एकटी बसून जरा घाबरले.

२० एप्रिल, सोम.
काल आखाजी, अक्षय्य तृतीया झाली, आज बँक. दोन सुटल्या. दोन आतच.
बाईंच्या हातावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सौंसर, ग्रुप, चार ओळी. लिहिल्या असत्या तर आज चारही असत्या, हेही. मला वाटलं चिडतील. चिडाव्यात असंही वाटत होतं.
बाईंनी एक इकडच्या हातात घातली, एक तिकडच्या. म्हणाल्या, "तू लिहिलं असतं तं या घालताना मले खुपल्या असत्या." मग बांगड्या फिरवत, "पण तुह्या भासऱ्याले काय सांगू, ते सांग."

२४ एप्रिल, शुक्र.
पाहुणे यायला लागले. पूर्वाचं रुखवत मांडून पाहिलं. या वेळी झाड नाही. विहीर, मोट, पाणी प्यायला आलेल्या चिमण्या. पूर्वानं पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलं, 'हे सर्व माझ्या काकूने केले. मला टाकासुद्धा घालता येत नाही.' तिच्या मामी म्हणाल्या, "अवं बाई, सासरचे काय म्हणतीन!" पूर्वा म्हणाली, "म्हणतीन, पोरगी खरं बोलते."
संध्याकाळी भासऱ्यांनी बाईंचे हात पाहिले. "बाकीच्या दोन?"
बाई मला शोधत स्वयंपाकघरात आल्या. "मी सांगतो काहीतरी. तू नको येऊ."
लग्न होऊन एकवीस वर्षं झाली. भासऱ्यांसमोर मी कधी सरळ बोलले नाही. डोक्यावर पदर, दाराआड उभं राहायचं, काय असेल ते बाईंच्या तोंडून. आमच्यात तशीच रीत.
बाईंना म्हटलं, तुम्ही बसा. मी सांगते, दुकानापासून.
भासरे ओसरीत खुर्चीवर आहेत. वही मिटते आणि जाते. पदर डोक्यावर राहू दे, पण दाराआड नाही उभी राहणार.